पश्चिमेची सरहद्द पूर्वेला

१९४८ सालापर्यंत चाकूरहून बार्शीला निघालेली बैलगाडी परदेशात जायची. चाकूर निजामाचं, बार्शी इंग्रजांची. मधे लातूरची पेठ आणि तिच्या पलीकडे सरहद्द. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. आमचा आजा त्या नाक्यावर ताटकळणाऱ्या गाडीवानांतला एक. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ट्रक ड्रायव्हर झाले. मी चाकुरात ट्रान्सपोर्टचं ऑफिस टाकलं. आता भाचा पोलंडमधल्या कंपनीची गाडी युरोपभर फिरवतो. चार पिढ्या झाल्या, धंदा एकच: एकाचा माल दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा. त्यामुळं देशोदेशीचे वाहतुकीचे नियम वेगळे का, हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर निघतो. माझं उत्तर थोडक्यात असं आहे: कोणत्या देशाचा नियम कसा, हे बघायचं असेल तर तो कुणाला सांभाळतो ते बघा. तिजोरीला, रेल्वेला, रस्त्याला, की गाडीवर बसलेल्या माणसाला. आमच्या चाकूरच्या रस्त्यानं यातले पहिले तिघं पुरेपूर बघितले. चौथ्याची पाळी अजून यायची आहे.

करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात व्यापारी तह झाला आणि मालाच्या किमतीवर पाच टक्के हा दर ठरला. पुढं सालं बदलली, दिवाण बदलले, पण या खात्याचं वजन काही कमी झालं नाही. सरहद्दीच्या अलीकडं पावती उर्दूत, साल फसली, पैसा हाली. पलीकडं कागद इंग्रजी-मराठीत, साल इसवी, पैसा कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली पडायचे. भाडं कलदारात मिळालं तरी बाजार हालीत करायचा, म्हणजे मधे सराफ आलाच. एका खेपेत गाडीवानाला दोन सरकारं, दोन नाणी आणि तीन भाषा सांभाळाव्या लागत, आणि त्याला स्वतःला यातलं काहीच वाचता येत नसे.

नाक्यावरची तपासणी अण्णांनी आजाच्या तोंडून ऐकलेली. जाताना फार तपासत नसत. कापूस, शेंगा, करडई डोळ्यांना दिसायची. परतीच्या गाडीला खरी झडती. शिपाई हातभर लोखंडी सळई घेऊन यायचा आणि एकेका पोत्यात खुपसायचा. सळई सरळ गेली तर आत धान्य किंवा मीठ. मधेच अडली तर आत कापडाचं ठाण. पोतं फाटलं, मीठ सांडलं, तर ते गाडीवानाच्या बोकांडी. व्यापारी भाड्यातून कापून घेणार. कारकून घरी गेला असेल तर रात्र नाक्यावरच. बैल सोडायचे, कडबा टाकायचा, गाडीखाली पथारी पसरायची.

त्या सगळ्या जाचात एक गोष्ट मात्र कुणाला कायद्यात लिहावी लागली नव्हती. बैल दमला की गाडी थांबायची. मग माल कापडाचा असो की मिठाचा, व्यापारी घाईत असो की नसो. बैलासोबत माणसालाही आपोआप विसावा मिळायचा. पुढं इंजिन आलं. ते दमत नाही, आणि तिथून गाडीवर दमणारा एकटा ड्रायव्हर उरला. जगातल्या ट्रकच्या कायद्यांचा निम्मा इतिहास या एका बदलातून निघालेला आहे.

पण आपल्याकडं कायद्यानं सुरुवात केली ती रेल्वेपासून. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी. लातूरची पेठ फुगली त्यात तिचा मोठा वाटा. तिच्यात खोट एवढीच, की कुर्डुवाडीला मोठ्या रुळांवरच्या गाडीत सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. हमाली दोनदा, फूटतूट दोनदा. दुसऱ्या बाजूनं निजामाची रेल्वे विकाराबाद-बिदर-उदगीर करत परळीकडं गेली. आमच्या तालुक्यातलं लातूर रोड स्टेशन त्या मार्गावरचं. १९३० साली निजाम सरकारनं ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि १९३२ मध्ये तिच्याच पदराखाली रस्ते वाहतूक सुरू केली, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. रेल्वे आणि मोटार एकाच मालकाच्या गोठ्यात बांधली की भांडण राहत नाही, हा निजामी हिशेब.

इंग्रज मुलखात हिशेब निराळा होता. तिथं खासगी मोटारी रेल्वेचं गिऱ्हाईक पळवू लागल्या. सरकारचा पैसा रुळांत अडकलेला. मिचेल आणि किर्कनेस या दोघांनी १९३३ च्या सुमारास अहवाल दिला, मग वेजवूड समिती बसली, आणि त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा निघाला. परमिट, विभागीय परिवहन प्राधिकरण, कोणत्या मार्गावर किती गाड्या, हे सगळं तिथून सुरू झालं. १९४५ साली तर असं तत्त्व ठरलं, की जिथं रेल्वे आहे तिथं ट्रकनं साधारण ७५ मैलांपलीकडं माल नेऊच नये. म्हणजे एकाच काळात सरहद्दीच्या अलीकडं मोटार रेल्वेची धाकटी बहीण आणि पलीकडं सवत. गाडी तीच, माल तोच, माणसंही एकाच बोलीची. देश दोन म्हणून नियम दोन.

२९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबाद आणि हिंदुस्थान सरकारात जैसे थे करार झाला, पण सरहद्द दिवसेंदिवस घट्ट होत गेली. पेट्रोल, मीठ, औषधं यांची आवक रोडावली. इकडं रझाकार, तिकडं सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाची शिबिरं. गाडी घेऊन बार्शीकडं जाणं म्हणजे जिवावर उदार होणं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपण झेंडा लावतो, तो याच तारखेला.

झेंडा एका दिवसात बदलला. नाका इतक्या लवकर उठला नाही. हैदराबादच्या तिजोरीचा मोठा आधार करोडगिरी होती, ती एका फटक्यात बंद केली असती तर राज्याचे पगार थकले असते. म्हणून १९५० च्या आर्थिक विलीनीकरणात ती टप्प्याटप्प्यानं कमी करत नेली. हाली रुपया तर १९५९ पर्यंत पूर्ण बाद झाला नव्हता. देश एक झाला तरी मालाच्या लेखी दोन देश काही वर्षं चालूच होते.

याच काळात अण्णा गाडीवर चढले. पहिली गाडी महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेली, डिस्पोजलची. नंतर १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागली, ती लातूरच्या व्यापाऱ्यांनी घेतली. बार्शी लाइटला ट्रकनं मागं टाकलं ते वेगामुळं कमी आणि कुर्डुवाडीमुळं जास्त: चाकुरात भरलेलं पोतं थेट मुंबईच्या मशीद बंदरला उतरायचं, मधे कुणाचा हात लागायचा नाही. अण्णा सोबत क्लीनर घ्यायचे, त्याला आमच्याकडं किन्नर म्हणतात. घाटात चाकाखाली लाकडी ओट लावणं, ताडपत्रीचे रस्से आवळणं आणि रात्री दोन-तीनला ड्रायव्हरशी बोलत राहणं, ही त्याची कामं. तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. किन्नर झोपला की दोघंही गेले.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या रस्त्याचा नकाशाच उलटा झाला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आणि त्यासोबत मुंबई राज्यात आले. बिदर म्हैसूर राज्यात गेलं, जहिराबाद आंध्रात. पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला असलेली सरहद्द पूर्वेला सरकली. बार्शी घरची झाली आणि बिदर परकं. ज्या गावाला लोक जिल्ह्याच्या कचेरीत तारखेला जायचे, तिथं माल न्यायला आता दुसऱ्या राज्याचा कर भरायचा आणि परमिटावर सही घ्यायची. हैदराबादला जाताना अण्णांना म्हैसूरची पट्टी ओलांडून आंध्रात शिरावं लागे. एका दिवसाच्या वाटेत तीन राज्यं. निजामाच्या काळात त्याच वाटेवर एकही नाका नव्हता, हे त्यांनी आयुष्यभर ऐकवलं.

राज्यांच्या सीमेवर विक्रीकराचं चेकपोस्ट, परिवहनचं वेगळं, वनखात्याचं वेगळं. त्यात दर गावाच्या वेशीवर नगरपालिकेची जकात. १९५९ साली मिनू मसानींच्या समितीनं रस्ता वाहतुकीची अशी अडवणूक देशाला महागात पडते असं बजावलं. १९६७ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकरांच्या समितीनं ट्रकवरच्या करांचा पसारा आवरा, जकात काढा, असं सुचवलं. हेच ते केसकर, ज्यांनी नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद केली होती. गाणी बंद व्हायला वेळ लागला नाही. जकात महाराष्ट्रातल्या नगरपालिकांतून जायला १९९९ उजाडलं, आणि मुंबईतून जायला २०१७.

मी ऑफिस टाकलं तेव्हा नॅशनल परमिटचे दिवस होते. १९७५ च्या या योजनेनं मोठं काम केलं: एका परमिटावर निदान शेजारची राज्यं तरी मोकळी झाली. पण राज्यागणिक कराचा वेगळा ड्राफ्ट काढावा लागे आणि एक जरी ड्राफ्ट मुदतीत पोचला नाही तर गाडी सीमेवर उभी. एका नाक्यावर आमची तुरडाळ भरलेली गाडी अशीच अडकली. कागद खरा होता, फक्त तो त्यांच्या फायलीला लागलेला नव्हता. पाऊस झाला, ताडपत्री गळकी निघाली, वरच्या थरातली पोती भिजली. डाळ कुणाची, ड्राफ्ट कुणाचा, पाऊस कुणाचा, यावर व्यापाऱ्याशी महिनाभर घासाघीस चालली. २०१० च्या मे महिन्यात वर्षाला १५ हजार रुपये एकदा भरले की देशभर गाडी फिरेल असं ठरलं, तेव्हा हे ड्राफ्ट प्रकरण संपलं.

नॅशनल परमिटच्या नियमांत दोन गोष्टी मला नेहमी शेजारीशेजारी दिसायच्या. एक, गाडीचा रंग: वाळलेल्या पानाचा तपकिरी, वर ३० सेंटिमीटर रुंद पांढरी पट्टी. दुसरी, लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत. रंग कुठल्याही नाक्यावर तपासला जायचा. दुसरा ड्रायव्हर कागदावर असायचा. बऱ्याचदा किन्नरालाच लायसन काढून देऊन ते नाव भरलं जायचं. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची ही अट काढूनच टाकली.

ड्रायव्हरच्या तासांचा कायदा आपल्याकडं नव्हता असं मात्र कुणी समजू नये. ब्रिटननं १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये लिहिलं, की सलग साडेपाच तास आणि २४ तासांत ११ तासांहून जास्त गाडी चालवू नये. अमेरिकेनं १९३० च्या दशकातच ट्रकचालकांचे तास बांधले. आपला १९३९ चा कायदा त्याच वाऱ्यात घडला. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४. कागदावर आपण ब्रिटनच्याही पुढं होतो. पण त्या कलमाचं बंधन होतं नोकरीला ठेवलेल्या ड्रायव्हरबाबत. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्या झोपेशी सरकारला देणंघेणं नव्हतं. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आणखी चांगला: आठ तास, ४८ तास, साप्ताहिक सुट्टी. पण तो लागू पाच किंवा जास्त कामगारांच्या धंद्याला. आपल्या देशात ट्रकचा धंदा एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. चाकूर, आष्टामोड, अहमदपूर या पट्ट्यात गाड्यांना पोटच्या पोरासारखं जपणारे मालक भरपूर, पण पाच कामगारांचा हजेरीपट ठेवणारा शोधावा लागेल. थोडक्यात, कायदा होता आणि ज्यांच्यासाठी होता ते त्याच्या बाहेर उभे होते. २०२० च्या श्रम संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. ढाब्यावर त्याची चर्चा मी तरी ऐकली नाही.

युरोपात काय वेगळं झालं? कायदा जवळपास असाच, पण त्यांनी गाडीत घड्याळ बसवलं. टॅकोग्राफ. गाडी किती वेळ पळाली, किती वेगानं पळाली, कधी थांबली, हे आधी कागदाच्या गोल तबकडीवर आणि २००६ पासून डिजिटल कार्डवर उमटतं. ब्रिटनच्या ड्रायव्हरांनी १९७० च्या दशकात या यंत्राला केबिनमधला हेर म्हणून विरोध केला, सरकारही चालढकल करत राहिलं, शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयानं ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. आजचा नियम असा: साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबा. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. आठवड्याला ५६, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, पलंगावर घ्यायची, आणि तिचा खर्च कंपनीचा. अमेरिकेत १४ तासांच्या आत ११ तास चालवा आणि मग सलग दहा तास गाडीला हात लावू नका. तिथंही २०१७ च्या डिसेंबरपासून इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली.

भाच्याला पहिल्या महिन्यात हे पटेना. फोनवर म्हणाला, "मामा, मी झोपायलो नाही, मला झोपवायलेत. गोदाम समोर दिसायलंय, वीस मिनिटांची वाट, पण तास संपले. गाडी हलवली की कार्डावर उमटतंय." इकडं असता तर वीस मिनिटं काय, त्यानं चाकूरहून नागपूर एका दमात मारलं असतं. आता त्याच्या नव्या गाडीतलं यंत्र देशाची सीमा ओलांडल्याचीही नोंद उपग्रहावरून आपोआप करतं. पोलंडहून जर्मनीत शिरताना जकातीचा नाका नाही, सळई नाही, मालासाठी कुणी थांबवत नाही. गाडीच्या लेखी सरहद्द उरली ती ड्रायव्हरच्या मजुरीचा आणि विश्रांतीचा हिशेब लावायला.

वजनाचं म्हणाल तर तिथं प्रत्येक देश आपापल्या पुलांकडं आणि मालाकडं बघून आकडा ठरवतो. युरोपात सर्वसाधारण हद्द ४० टन, पण लाकडाचा धंदा असलेल्या स्वीडननं २०१८ मध्ये काही रस्त्यांवर ७४ टनांना वाट दिली. अमेरिकेच्या मोठ्या हमरस्त्यांवर ८० हजार पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. आपल्याकडं २०१८ च्या जुलैत दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं आणि मोठ्या ट्रेलरला ५५ टनांपर्यंत मुभा मिळाली. ओव्हरलोडिंग थांबावं म्हणून हद्द वाढवली, असं सांगण्यात आलं. काट्यावर बसणाऱ्या माणसाला विचारा. हद्द वाढली तशी भरतीही वाढली, आणि भाड्याचा दर टनाला उतरला.

आपल्याच शेजारी अजून आजाच्या काळातली सरहद्द जिवंत आहे. बंगालमधल्या पेट्रापोलला आपली गाडी बांगलादेशाच्या आवारापर्यंत जाते, तिथं माल उतरतो आणि दुसऱ्या देशाच्या गाडीत चढतो. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांनी २०१५ च्या जूनमध्ये थिंफूला मोटार वाहतुकीचा करार केला, पण भूताननं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. बारक्या देशाला शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा नको वाटतात, यात नवल नाही.

आमच्या वाटेवर मात्र तिजोरीचे नाके उठले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराची चेकपोस्टं बंद झाली. बिदर पुन्हा जवळ आलं. नाक्याची जागा ई-वे बिलानं घेतली. हे बिल वाचण्यासारखं आहे. मालाची किंमत, पाठवणारा, घेणारा, गाडी नंबर, आणि मुदत: दर २०० किलोमीटरला एक दिवस. पूर्वी १०० किलोमीटरला एक दिवस होता, २०२१ पासून तो दुप्पट केला. मुदत टळली तर दंड. शिवाय टोलवर फास्टॅग. गाडी कोणत्या मिनिटाला कुठून गेली याची नोंद सरकारकडं जमा. म्हणजे जे घड्याळ युरोपनं भांडून गाडीत बसवलं, ते आपल्या गाडीत केव्हाचं बसलेलं आहे. फक्त ते मालासाठी चालतं. माल कधी निघाला, किती दिवसांत पोचला पाहिजे, हे त्याला ठाऊक. माणूस कधीपासून जागा आहे, हे विचारायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

काही हललंय, हेही खरं. २०२५ साली नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मे महिन्यात नांदेड-लातूर रस्त्यावर ज्यानं इंजिनशेजारी बसून गाडी हाकली आहे त्याला याची किंमत कळते. पण एसीनं झोप भरून निघत नाही, आणि भाडं खेपेवर ठरतं तोवर ड्रायव्हर खेप वाढवतच राहणार. जो लवकर पोचवतो त्यालाच व्यापारी पुढचं भाडं देतो. हातावर पोट असलेला माणूस कायद्याचं पुस्तक उघडत नाही.

मी चालवलेल्या ऑफिसची बिल्टी अजून कपाटात आहे. नगांची संख्या, वजन, माल कुणाच्या जोखमीवर, हमाली, वाराई, ॲडव्हान्स, बाकी, सगळ्याला रकाने. ड्रायव्हर गाडीवर कधी बसला, शेवटचा कधी झोपला, याला नाही. युरोपसारखं यंत्र उद्या येईल न येईल, तो दिल्लीचा प्रश्न. ट्रान्सपोर्टवाल्यांनी आपल्या बिल्टीवर हा एक रकाना छापायला आणि गाडी सोडण्याआधी तो भरून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. माझं ऑफिस आता पुतण्या चालवतो. नवीन बिल्टीबुकं छापायला टाकताना हा रकाना घाल, एवढं मी त्याला सांगितलं आहे.